ढोल-ताशा पथक: वादकांची नोंदणी, हजेरी आणि कार्यकर्त्यांच्या कामाची घडी

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. पथकांना अठरा दिवस जास्तीचे मिळाले आहेत. बहुतेक पथकं ते सरावात घालतील, आणि ते साहजिकच आहे. पण त्यातला एक आठवडा नोंदणीला द्या, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पथकातली भांडणं आठवून पाहा. ताल चुकला म्हणून कुणी पथक सोडत नाही. लोक सोडून जातात ते विसर्जनाच्या यादीत नाव नव्हतं म्हणून, "मी रोज येत होतो आणि चार दिवस आलेला पुढे उभा राहिला" म्हणून. आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही. काही मुलं दर वर्षी टेम्पो भरतात, ढोलांची पानं (वाजवायचे पडदे) बदलतात, पाणी वाहतात, आणि वादनाची यादी करताना त्यांचीच नावं आठवत नाहीत. म्हणून या लेखातली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: वादनाची हजेरी आणि कामाची हजेरी एकाच यादीत, एकाच नोंदणी क्रमांकासमोर लागली पाहिजे आणि ती सगळ्यांना दिसली पाहिजे.

उदाहरणं पुण्यातली आहेत, कारण मला तीच रीत माहीत आहे. नाशिक, नागपूर, ठाण्याची पथकं असोत किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची, तारखा आणि जागा बदलून हीच पद्धत चालेल.

आधी ठरवा: सभासद कोण, वादक कोण

नोंदणीकृत संस्था असलेल्या पथकांत हा घोळ फार दिसतो. हंगामासाठी आलेल्या प्रत्येकाला "सभासद" म्हटलं जातं, सगळ्यांकडून "सभासद शुल्क" घेतलं जातं आणि पावतीवरही तसंच छापलं जातं. पुढे कार्यकारिणीवरून वाद झाला की मतदान कुणी करायचं, हा प्रश्न उभा राहतो.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे सभासद म्हणजे संस्थेच्या नियमांनुसार ज्याला प्रवेश दिला आहे, ज्यानं वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या नोंदवहीत सही केली आहे आणि ज्यानं राजीनामा दिलेला नाही, अशी व्यक्ती. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली असेल तर तिला मतदान करता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. म्हणून दोन वह्या स्वतंत्र ठेवा. पहिली संस्थेच्या सभासदांची. ती लहान असते, बांधीव असते, तिच्यात ठरावाचा क्रमांक आणि सही असते. दुसरी हंगामी वादकांची आणि कार्यकर्त्यांची, जी दर वर्षी नव्यानं उघडते. हंगामी पैशाला "वादक नोंदणी शुल्क" किंवा "वाद्य देखभाल निधी" म्हणा. पावतीवर "सभासद" हा शब्द येऊ देऊ नका. अठरा वर्षांखालची मुलं दुसऱ्याच वहीत राहतील.

पथक सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेलं असेल तर विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सराव सुरू झाला की याची आठवण कुणालाच राहत नाही, तेव्हा मेमध्येच विचारून घ्या.

ज्यांचं पथक अजून कुठेच नोंदलेलं नाही त्यांनीही हंगामी वही नीटच ठेवावी. २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं पुण्यातल्या पथकांवर तीस जणांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयानं १२ सप्टेंबरला, म्हणजे उत्सव चालू असतानाच, त्या निर्देशाला स्थगिती दिली. मधले काही दिवस प्रत्येक पथकप्रमुखापुढे प्रश्न होता की उद्या तीसच न्यायचे झाले तर कोण तीस. ज्यांच्याकडे हजेरीची यादी होती त्यांना निदान उत्तर शोधायला जागा होती.

उलटं कॅलेंडर

अनंत चतुर्दशीपासून मागे मोजत या. वादकांची अंतिम यादी उत्सवाच्या दहा दिवस आधी लागली पाहिजे, म्हणजे हरकती ऐकायला वेळ राहतो. त्याआधी सहा ते सात आठवडे सराव. सरावाच्या आधी वाद्यपूजन. वाद्यपूजनाच्या आधीच नोंदणी संपलेली असावी. २०२६ साठी हिशेब मांडला तर अंतिम यादी ४ सप्टेंबर, वाद्यपूजन जुलैच्या मध्यावर आणि नोंदणी जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा, असं बसतं.

हा काळ मुलांच्या दृष्टीनं अडचणीचा असतो. दहावी-बारावीचे निकाल मेमध्ये लागतात, पण प्रवेशाच्या फेऱ्या जुलैपर्यंत चालतात. ज्यानं जूनमध्ये "रोज येईन" असं लिहिलं त्याला जुलैच्या शेवटी वाघोलीतल्या किंवा आकुर्डीतल्या कॉलेजात प्रवेश मिळतो आणि नदीपात्रातल्या सरावाच्या जागेपर्यंत यायला दीड तास लागायला लागतो. त्यामुळे "कोणत्या दिवशी येऊ शकता" हा प्रश्न नोंदणीच्या वेळी एकदा आणि पहिल्या पंधरवड्यानंतर पुन्हा एकदा विचारा.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

जे उत्तर वापरणार नाही तो प्रश्न विचारू नका. प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा की ही माहिती कोण, कधी, कशासाठी उघडून बघणार आहे. त्या कसोटीवर पुढच्या गोष्टी टिकतात.

पूर्ण नाव, जन्मतारीख, स्वतःचा मोबाइल, घरच्या एका मोठ्या माणसाचं नाव आणि मोबाइल. राहण्याचा भाग: पूर्ण पत्ता नको, "धनकवडी", "कोथरूड डेपो" एवढंच पुरतं; रात्री घरी जाण्याच्या जोड्या लावायला तो लागतो. रक्तगट. दमा, फिट येणं, पाठीचं किंवा मनगटाचं दुखणं, झालेली शस्त्रक्रिया, कानाचा त्रास, चालू औषधं. ढोल, ताशा, ध्वज की झांज, आणि आधी कुठे वाजवलं आहे का. कोणत्या वारी सरावाला येता येईल. जुलै ते सप्टेंबरमधल्या परीक्षांच्या तारखा. नोकरी असेल तर पाळी कोणती. हिंजवडी किंवा चाकणला दुसऱ्या पाळीत काम करणारा मुलगा संध्याकाळच्या सरावाला येऊच शकत नाही, हे पहिल्या दिवशीच कळलेलं बरं.

आणि एक प्रश्न, जो बहुतेक फॉर्ममध्ये नसतो: "वादनाशिवाय कोणतं काम कराल?" पर्याय द्या: वाद्यदुरुस्ती, टेम्पो भरणं-उतरवणं, हजेरी, पाणी-खाणं, प्रथमोपचार, मिरवणुकीत दोर धरणं, हिशेब, फोटो. किमान दोन निवडणं सक्तीचं ठेवा. पथकात येणं म्हणजे कामातही येणं, हे पहिल्याच दिवशी कागदावर उमटतं.

जात, धर्म, पालकांचा व्यवसाय विचारायचं काहीच कारण नाही. आधार कार्डाची प्रतही घेऊ नका. वयाची खात्री करायची तर शाळा-कॉलेजचं ओळखपत्र समोर बघा आणि "पाहिलं" एवढी नोंद करा. दोनशे मुलामुलींच्या आधारचे फोटो कुणा एकाच्या मोबाइलमध्ये पडून राहणं हा विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे.

गूगल फॉर्म वापरत असाल तर चार गोष्टी सांभाळा. रक्तगट, वाद्य, वार यांना निवडीची यादी द्या. टाइप करायला सांगितलं तर एकच रक्तगट पाच तऱ्हांनी लिहून येतो. मोबाइल क्रमांक इंग्रजी आकड्यांतच मागा, कारण काहींनी देवनागरीत लिहिला तर शोधताना तो सापडत नाही. उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दाखवण्याची सोय बंद आहे ना, ते तपासा. आणि उत्तरांची शीट "लिंक असलेल्या कुणालाही" उघडी ठेवू नका. तिथे आजार आणि मुलींचे नंबर असतात. शीट उघडण्याचा अधिकार तिघांना पुरे: नोंदणीप्रमुख, त्याचा जोडीदार आणि पथकप्रमुख.

अठरा वर्षांखालची मुलं

ती घ्यायची की नाही, हा पथकाचा निर्णय. घेणार असाल तर अर्धवट तयारीनं घेऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होत असली तरी संमती घेण्याची सवय आजच लावून घ्यायला हरकत नाही. मुलानं घरी जाऊन आणलेल्या सहीवर विसंबू नका. पालकांना नोंदणीच्या दिवशी बोलवा किंवा फॉर्ममधल्या नंबरवर स्वतः फोन करा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा.

संमतीपत्राचा मजकूर साधा असावा. हा वापरता येईल:

"माझा पाल्य ______ (जन्मतारीख ______) याला/हिला पथकाच्या सरावाला आणि सोबत जोडलेल्या तारखांच्या वादनाला पाठवण्यास माझी संमती आहे. सराव रात्री ____ वाजता संपतो आणि विसर्जन मिरवणूक पहाटेपर्यंत लांबू शकते, हे मला समजावून सांगितलं आहे. तो/ती घरी एकटा/एकटी येईल / मी न्यायला येईन / ______ यांच्यासोबत येईल. पाल्याला पुढील त्रास किंवा अॅलर्जी आहे: ______. चालू औषध: ______. अडचणीत पहिला फोन ______, दुसरा फोन ______. पाल्याचे फोटो पथकानं प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे / नाही."

शेवटचं वाक्य काढून टाकू नका. "नाही" लिहिणारे पालक थोडे असतात, पण असतात. त्यांच्या मुलांची नावं फोटो काढणाऱ्याला आधीच द्यायची असतात.

तक्रार ऐकणारी माणसंही याच टप्प्यावर ठरवा. किमान दोन, त्यातली एक स्त्री, आणि दोघंही पथकप्रमुखाच्या घरातली किंवा अगदी जवळच्या मित्रमंडळातली नकोत. त्यांचे नंबर नोंदणीच्या पावतीवर छापा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातल्या व्याख्येत विनावेतन, स्वेच्छेनं काम करणारेही येतात. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. "पथकातच मिटवू" हा पर्याय उरत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ हा क्रमांक सरावाच्या जागी मोठ्या अक्षरांत लावा.

नोंदणीचा दिवस

ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे नोंदणी झाली, असं समजू नका. प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष यायला सांगा, सलग दोन रविवार. टेबलं तीन मांडा.

पहिल्या टेबलावर फॉर्म पडताळायचा. मोबाइलवर समोरच मिस्ड कॉल द्या. चुकलेला आकडा तिथेच सापडतो. घरच्यांचा नंबर आणि स्वतःचा नंबर एकच लिहिलेला असेल तर तो तिथेच बदलून घ्या.

दुसऱ्या टेबलावर शुल्क आणि पावती. पैसे पथकाच्या नावच्या बँक खात्यातच जावेत, कुणाच्याही खाजगी यूपीआयवर नाही. मोबाइलवरून पैसे पाठवताना शेऱ्यात नोंदणी क्रमांक लिहायला लावा, म्हणजे महिनाअखेरीला खातं जुळवताना "हे पाचशे कुणाचे" म्हणून शोधाशोध होत नाही. ज्याला शुल्क परवडत नाही त्यानं फक्त खजिनदाराशी बोलावं, असं फॉर्मवरच लिहा. माफीची नोंद खजिनदाराच्या वहीत राहील. सर्वांच्या यादीत त्याच्यापुढेही इतरांसारखीच खूण असेल. पैशाअभावी कुणाला पथकाबाहेर राहावं लागू नये, आणि आत आल्यावर ते कुणाला कळूही नये.

तिसऱ्या टेबलावर मापं. पेहरावाचे तीन-चार नमुने ठेवा आणि अंगावर घालून बघायला सांगा. "एल" लिहून दिलेल्यांपैकी कितीतरी जणांना कुर्ता नंतर बदलून द्यावा लागतो. ढोलवादकांच्या कमरपट्ट्याचं मापही इथेच घ्या.

टेबलामागे जुने वादक बसवा आणि प्रत्येक नव्या मुलाशी त्यांना दोन मिनिटं बोलू द्या. नवा मुलगा टिकतो की नाही, हे बरंचसं या दिवशी त्याच्याशी कोण आणि कसं बोललं यावर ठरतं.

एकच मुख्य यादी

फॉर्मची उत्तरं जिथे जमा होतात त्या शीटला हात लावू नका. तिच्यावरून दुसरी, "मुख्य यादी" नावाची शीट तयार करा आणि पडताळणी झालेलीच नावं तिच्यात घ्या. प्रत्येकाला क्रमांक द्या: २६-००१, २६-००२ असे, पहिले दोन आकडे वर्षाचे. सोडून गेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही. त्याच्यासमोर "सोडलं" आणि तारीख लिहायची. एकाच नावाची दोन-तीन मुलं प्रत्येक पथकात असतात, तेव्हा हजेरी, पावती, पेहराव, वाद्य, सगळं क्रमांकावर चालवा.

मुख्य यादीत आजार आणि घरच्यांचे नंबर ठेवू नका. ते वेगळ्या शीटमध्ये, प्रथमोपचारप्रमुख आणि नोंदणीप्रमुखाकडे. सगळ्यांना दाखवायच्या यादीत क्रमांक, नाव, वाद्य, गट आणि हजेरी एवढंच.

निरोपांसाठी साधा व्हॉट्सअॅप गट केला तर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. पथकात नव्यानं आलेल्या मुलीला रात्री अनोळखी मुलांचे मेसेज येऊ लागतात ते याच मार्गानं. त्याऐवजी कम्युनिटी काढून तिचा घोषणा गट वापरा. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि लिहिण्याचा अधिकार फक्त चालकांना असतो. गप्पांसाठी गटागटांचे छोटे ग्रुप ज्यांना हवे ते करतीलच.

गट आणि गटप्रमुख

दीडशे जणांवर एक माणूस लक्ष ठेवू शकत नाही, बारा जणांवर ठेवू शकतो. मुख्य यादीचे दहा ते बारा जणांचे गट करा. वाद्यानुसार करायचा मोह होतो, पण मी राहण्याच्या भागानुसार करायला सांगेन. सिंहगड रस्त्याची मुलं एका गटात असली की रात्री परतताना ती आपोआप एकत्र निघतात. प्रत्येक गटात जुने आणि नवे, मुलगे आणि मुली मिसळा. कोणत्याही गटात एकटीच मुलगी राहणार नाही, हे बघा.

गटप्रमुख उत्तम वादकच हवा असं नाही. वेळेवर येणारा, फोन उचलणारा आणि बारा जणांची नावं आठवड्यात पाठ करणारा हवा. त्याची कामं तीनच: आपल्या गटाची हजेरी घेणं, सलग दोन सराव चुकवलेल्याला फोन करणं आणि सराव संपल्यावर सगळे निघाले का ते बघणं. तो फोन फार मोलाचा असतो. चार दिवस न आलेल्या मुलाला कुणी विचारलंच नाही, तर पाचव्या दिवशी त्याला यायला लाज वाटते आणि एक वादक जातो.

दोन हजेऱ्या

सरावाच्या जागी नोंदवही कागदाचीच ठेवा. मोबाइलवर क्यूआर लावून हजेरी घेता येते, पण मित्रासाठी फोटो पाठवून ती लावताही येते, आणि पावसात पत्र्याच्या शेडखाली दीडशे जण एकाच चौकटीसमोर उभे राहतात. गटप्रमुख सराव सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी आपल्या गटाच्या कागदावर "ह" लिहितो. उशिरा आलेल्याला "उ". हजेरीप्रमुख त्याच रात्री ते शीटमध्ये चढवतो. दुसऱ्या दिवसावर टाकलं की आठवड्यावर जातं.

त्याच शीटमध्ये दुसरा भाग कामाचा. टेम्पो उतरवला, सरावानंतर ढोल रचून झाकले, रविवारी पानं बदलायला आला, परवानगीचं पत्र घेऊन पोलीस चौकीत गेला, अशा प्रत्येक पाळीला एक खूण. खूण त्या कामाचा प्रमुख देतो, करणारा स्वतः नाही. महिन्याच्या शेवटी शीटमधल्या काउंटइफ या खुणा मोजणाऱ्या सूत्रानं दोन्हींची बेरीज आपोआप येते.

आता नियम. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण नोंदणीच्या दिवशी लेखी द्या. समजा हंगामात चाळीस सराव आहेत. विसर्जनाला वाजवायचं तर किमान चोवीस सराव हजर आणि दोन्ही हजेऱ्या मिळून किमान बत्तीस खुणा. म्हणजे बत्तीसपेक्षा कमी सराव झालेल्याला कामाची टाळाटाळ महागात पडू शकते, आणि अभ्यासामुळे थोडे सराव चुकलेली मुलगी रविवारच्या कामांनी भरून काढू शकते. "उ" दोन झाले की एक "ह". परीक्षा किंवा आजार आधी कळवला असेल तर तो दिवस चाळिसातूनच वजा करा आणि मर्यादा त्या प्रमाणात खाली आणा. फक्त शनिवार-रविवारी येऊ शकणाऱ्या नोकरदारांचं प्रमाण त्यांच्या दिवसांवर मोजा. पण विसर्जनाऐवजी त्यांना आगमन आणि स्थिरवादनात (एका जागी उभं राहून केलेल्या वादनात) आधी जागा द्या, कारण पूर्ण मिरवणुकीचा दम आठवड्यातल्या दोन दिवसांत तयार होत नाही.

संस्थापकांचा भाचा, जुना ताशावादक, देणगीदाराची मुलगी, या सगळ्यांना हाच नियम. पथकप्रमुखाला यात एकच मोकळीक असावी: ताशाची आघाडी आणि ध्वज. तिथे कौशल्याला पर्याय नाही. ही मोकळीक किती जागांपुरती आहे, तेही आधीच जाहीर करा.

यादी दर रविवारी रात्री सगळ्यांना पाठवा. शेवटच्या दिवशी एकदम कळलेला आकडा अन्याय वाटतो. तोच आकडा दर आठवड्याला डोळ्यांसमोर असला की मूल स्वतःहून सुधारतं, किंवा चूक असेल तर त्याच आठवड्यात दाखवतं. अंतिम यादीनंतर हरकतींसाठी तीन दिवस ठेवा. हरकत लेखी, उत्तरही लेखी.

कामाचे प्रमुख आणि त्यांचे जोडीदार

प्रत्येक कामाला एक प्रमुख आणि एक जोडीदार. जोडीदार पहिल्या वर्षाचा किंवा दुसऱ्या वर्षाचाच असावा, म्हणजे पुढच्या वर्षी तो प्रमुख होऊ शकतो. प्रत्येक कामाचं एक पान लिहा: कुणाला फोन करायचा, काय कुठे ठेवलं आहे, किती लागतं. वाद्यप्रमुखाच्या पानावर प्रत्येक ढोलाचा क्रमांक, शेवटचं पान कधी बदललं, दोरी कधी ताणली आणि तो ढोल कोणत्या नोंदणी क्रमांकाकडे आहे. टोल (ढोल वाजवायची काठी) आणि ताशाच्या काड्या यांचा साठाही तिथेच.

वरिष्ठांनी आपल्या हातातलं काम सोडायला शिकायला हवं, हे मी मनापासून सांगतो. पंधरा वर्षं टेम्पोवाल्याशी एकच माणूस बोलत असेल तर तो पथकाचा आधारही असतो आणि अडथळाही.

मिरवणुकीचा दिवस

पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. लक्ष्मी रस्त्यावर गर्दी शिगेला पोचली की मोबाइलचं नेटवर्क हमखास बसतं. म्हणून मुख्य यादी, घरच्यांचे नंबर आणि आजारांची यादी कागदावर छापून तीन ठिकाणी ठेवा: पथकप्रमुखाकडे, प्रथमोपचाराच्या पिशवीत आणि टेम्पोत. मिरवणूक संपल्यावर त्या प्रती परत घेऊन फाडा.

प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड. त्यावर नाव, क्रमांक, गट आणि पथकाचे दोन नंबर. वादकाचा स्वतःचा नंबर छापू नका. गटानं हरवल्यास कुठे जमायचं ते आधी ठरवा. टिळक पुतळ्यापासून अलका टॉकीज चौकापर्यंतच्या वाटेवर अशा दोन जागा पुरतात, आणि त्या मुख्य रस्त्याला लागून नकोत, गल्लीत आत हव्यात. गणती चार वेळा: जमल्यावर, बेलबाग चौकाआधी, अलका चौकानंतर आणि टेम्पो निघण्यापूर्वी. गटप्रमुख बोटांनी आकडा दाखवतो, कारण ढोलांत काही ऐकू येत नाही.

दोर धरणाऱ्यांच्या पाळ्या पाऊण तासाच्या लावा. ते सगळ्यात जास्त धक्के खातात आणि त्यांचा फोटो कुणी काढत नाही. त्यांना पाणी आणि खाणं वादकांच्या आधी द्या. कानांसाठी बोळे किंवा इअरप्लग सगळ्यांना, ताशावादकांना आणि त्यांच्यापुढे उभ्या असणाऱ्यांना सक्तीनं. बोटांना चिकटपट्टी, मीठ-साखरेचं पाणी, केळी. मुलींसाठी वाटेवरची वापरता येण्याजोगी स्वच्छतागृहं दोघींनी आदल्या दिवशी बघून ठेवावीत; बऱ्याच मुली मिरवणुकीत पाणीच पीत नाहीत आणि पहाटे चक्कर येऊन बसतात, ते या एका कारणानं.

निघताना गटप्रमुख कोण कुणासोबत गेलं ते कागदावर लिहितो आणि घरी पोचल्याचा प्रत्येकाचा निरोप आल्यावर खूण करतो. शेवटची खूण होईपर्यंत गटप्रमुखाचं काम संपत नाही, मग सकाळचे नऊ का वाजेनात.

विसर्जनानंतरचे पंधरा दिवस

सगळे दमलेले असतात आणि कॉलेजच्या परीक्षा जवळ येतात, तरी तीन कामं घटस्थापनेच्या आत उरकली पाहिजेत. वाद्यांची मोजदाद करून प्रत्येक ढोल ज्याच्या क्रमांकावर होता त्याच्याकडून परत आल्याची नोंद घ्या. हिशेब पावत्यांसह सगळ्या वादकांसमोर वाचा, मानधन किती आलं आणि कुठे गेलं हे आकड्यांत. आजारांची शीट, संमतीपत्रांचे फोटो आणि मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या याद्या काढून टाका. पुढच्या वर्षी लागतील म्हणून ठेवू नका, पुढच्या वर्षी नव्यानं विचारायच्या असतात. मूळ संमतीपत्रं पथकाच्या कपाटात कुलूपबंद राहतील, किती काळ ते कार्यकारिणीनं ठरवावं. मुख्य यादीत नाव, क्रमांक आणि दोन्ही हजेऱ्यांची बेरीज तेवढी ठेवायची, कारण पुढचे गटप्रमुख त्यातूनच निवडायचे आहेत.

त्याच बैठकीत नवा नोंदणीप्रमुख ठरवा. गूगल खात्याचा पासवर्ड बदला, जुन्याचा शीटवरचा अधिकार काढा आणि जोडीदाराच्या हाती द्या. खातं कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर याच वेळी पथकाच्या ईमेलवर हलवा.